डिस्क्रीट मॅथ्सची केटी बॅच

किस्से कुणी जमवत नाही. ते आपोआप साठतात. समुद्राजवळच्या घरात सकाळ-संध्याकाळ झाडलं तरी कोपऱ्यात वाळू साठतेच, तसे. त्यातून तुम्ही नापास मुलांना शिकवत असाल तर विचारूच नका! पास झालेली मुलं पेढा हातावर ठेवतात, पायाला हात लावल्यासारखं करतात आणि निघून जातात. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही उरत नाही. नापास झालेली मात्र आपल्याजवळच राहतात.

मी अलिबागजवळच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरच्या मुलांना डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स शिकवतो. नाव भारदस्त आहे, आतला माल साधा आहे. तर्क कसा करायचा, मोजायचं कसं, एखादी गोष्ट सिद्ध कशी करायची, कोण कुणाशी कसं जोडलेलं आहे, एवढंच. अख्खं कॉम्प्युटर सायन्स या पायावर उभं आहे, असं मी दर जुलैत सांगतो. डिसेंबरात अर्धा वर्ग त्याच पायाखाली गाडलेला असतो.

गाडल्या गेलेल्यांना आमच्याकडे 'केटी' म्हणतात. म्हणजे एका विषयात नापास झालात तरी पुढच्या वर्गात बसा, पण तो विषय मानेवर घेऊन बसा! अशा मुलांसाठी मी कॉलेज सुटल्यावर जादा तास घेतो. ज्या लॅबमधले कॉम्प्युटर कायमचे बंद पडलेत, ती लॅब आम्हाला दिलेली आहे. नापासांना बंद पडलेली लॅब! आमच्या कॉलेजात निदान एवढा तरी तर्क शाबूत आहे.

यंदाच्या बॅचमध्ये नेमाने येणारी तिघं. उरणचा सूरज, त्याचे वडील न्हावा शेवाच्या बंदरात ट्रेलर चालवतात. रेवदंड्याचा फैजान, जो श्वास घ्यायला थांबतो तेवढाच गप्प असतो. आणि थळची सायली. सायलीला गणित येत नव्हतं म्हणून ती नापास झाली, असं समजू नका. एका सिद्धतेची शेवटची पायरी तिला पटेना, म्हणून ती तिथंच अडून बसली आणि उरलेला पेपर कोरा राहिला. असल्या मुलीला नापास करताना हात जड होतो. पण कोऱ्या पानाला मार्क द्यायची सोय नाही.

*

पहिल्याच तासाला सूरजनं विचारलं, "सर, याच्यात कॉम्प्युटर किदर हाय?"

मी म्हटलं, "अरे, हा पाया आहे. पायात कुणी खिडक्या-दारं शोधतं का? आधी पाया, मग त्याच्यावर घर."

मला वाटलं, चला, सुरुवात बरी झाली. सूरज मान हलवत होता, पण चेहरा काही उजळेना.

"आमच्या काकानं पाया बांधला होता, सर. मोठा, चांगला. मंग रस्त्याच्या कामात जागा गेली. रस्ता पन नंतर दुसरीकडूनच नेला."

"मग आता?"

"आता त्याच्यात पावसाचं पानी साचतं. बेडूक ऱ्हातात!"

वर्ग हसला. मीही हसलो. पण त्यानंतर 'पाया' हा शब्द मी त्या वर्गात फारसा वापरला नाही.

*

ग्राफ शिकवायचा म्हणजे मला आवडतं काम. ग्राफ म्हणजे काय, तर काही ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. ठिपके गावांचे असू शकतात, माणसांचे असू शकतात, कॉम्प्युटरचे असू शकतात. फोनमधला नकाशा तुम्हाला जवळचा रस्ता दाखवतो, तो याच्याच जोरावर.

मी म्हटलं, "आपापल्या घरापासून निघून माणसं कुठंकुठं जातात, त्याचा ग्राफ काढून आणा."

फैजाननं रेवस ते भाऊचा धक्का अशी लाँचची रेघ काढली आणि तिच्यावर लिहिलं, 'वादळात बंद'. सूरजच्या ग्राफमध्ये सगळ्या रेघा पोर्टकडे जात होत्या, परत एकही येत नव्हती. मी विचारलं तर म्हणाला, "पप्पा घरी कवा येतात ते मना झोपेत असल्यानं कळत नाय." इथवर सगळं गमतीत चाललं होतं.

सायलीचा कागद हातात घेतला. थळहून अलिबागला रेघ, पेणला रेघ, पनवेलला रेघ. आणि एक रेघ थळहून निघून कागदाच्या डाव्या बाजूला, पांढऱ्या जागेत गेलेली. तिच्या दुसऱ्या टोकाला ठिपका नव्हता.

मी लाल पेनानं त्या टोकाला गोल केला. "सायली, हे चालत नाही. रेघेला दोन्ही टोकं लागतात. इकडचं टोक कुठलं?"

ती म्हणाली, "माहीत नाही, सर."

"माहीत नाही म्हणजे? घरून कोण जातं या रेघेवरून?"

"बाबा."

नारळी पौर्णिमेनंतर मासेमारीचा सिझन सुरू झाला आणि पहिल्याच फेऱ्यांत एक होडी वादळात उलटली, अशी बातमी मी पेपरात वाचली होती. दोन खलाशांना दुसऱ्या होडीनं उचललं, तिसरा सापडला नाही. बातमीत नाव नव्हतं. तो तिसरा म्हणजे सायलीचे बाबा, हे मला आता कळत होतं.

मी कागद तिच्या हातात परत दिला. लाल गोल काही पुसता येईना.

*

त्यानंतर ती येत राहिली. रडत नव्हती, बोलत नव्हती, पहिल्या बाकावर बसून सगळं उतरवून घ्यायची. मला वाटायचं, हिच्यापुढे हसावं की नाही? पण फैजान आणि सूरज असल्यावर वर्ग गंभीर ठेवणं माणसाच्या हातात नसतं.

'जर अमुक, तर तमुक' हे वाक्य केव्हा खोटं ठरतं, ते शिकवत होतो. यात मुलं हमखास गडबडतात. कारण 'जर'चा भाग मुळातच खोटा असेल, तर पुढं काहीही म्हटलेलं असलं तरी पूर्ण वाक्य खरं धरतात. प्रोग्राममध्ये अट लिहायची तर हे पक्कं माहीत असावं लागतं.

मी उदाहरण दिलं, "मी जर म्हटलं, समुद्र आटला तर सगळ्यांना पास करीन. समुद्र आटला नाही. मी कुणाला पास केलं नाही. मग मी खोटं बोललो का?"

"नाही," फैजान म्हणाला.

सूरज ताडकन उभा राहिला. "सर! आमच्याकडं प्रत्येक इलेक्शनला एक सायेब येतो. बोलतो, खाडीवरचा पूल झाला का घरटी एकाला नोकरी. पूल झालाच न्हाय!"

"मग?"

"मंग तो मानूस आजपर्यंत कवाच खोटं बोलला न्हाय!" सूरज डोक्याला हात लावून खाली बसला. "आमीच त्याला फुकट शिव्या देतो."

हसण्याच्या त्या गोंगाटात सायलीनं हात वर केला. "सर, 'जर'चा भाग खरा की खोटा हेच माहीत नसेल तर?"

मी म्हटलं, "तर दोन्ही शक्यता लिहायच्या. एक ओळ खरं धरून, एक खोटं धरून. कळेपर्यंत दोन्ही ओळी ठेवायच्या."

"घरी तेच चाललंय," ती म्हणाली. "काका म्हणतात, दर्भाचा पुतळा करू, अग्नी देऊ, दिवस करून मोकळे होऊ. आई म्हणते, दिसल्याशिवाय मी कपाळ पुसणार नाही. काकांची एक ओळ, आईची एक."

"आणि तुझी?"

"मी दोघांना जेवायला वाढते."

मी फळ्याकडे तोंड केलं आणि उगाचच खडू शोधत राहिलो.

*

याच सुमारास डिपार्टमेंटची मीटिंग झाली. विषय एकच, डिस्क्रीटचा निकाल! आमच्या एचओडी मॅडम स्वभावानं वाईट नाहीत. पण त्यांना वरून कुणीतरी झापतं आणि मग त्या खाली बघतात. खाली मी असतो.

"सर, हा विषय ऐच्छिक करून टाकू या. ज्याला हवा तो घेईल."

"कुणीच घेणार नाही, मॅडम."

"मग तर निकालाचा प्रश्नच मिटला!"

तरी मी नेट लावला. म्हटलं, "मॅडम, पाया..." आणि बेडूक आठवून गप्प बसलो. दुसरीकडून सुरुवात केली. "उद्या ही मुलं ॲप बनवणार. आज मशीन लिहून देतंय सगळं, मान्य. पण मशीननं लिहिलेलं बरोबर की चूक हे कोण ठरवणार? शेवटी ॲप चालतं कशावर?"

"रेंजवर," मॅडम म्हणाल्या. अगदी मनापासून म्हणाल्या.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. 'हॅलो, हॅलो' करत त्या खिडकीपाशी गेल्या, मग व्हरांड्यात, मग पार गेटपर्यंत. मीटिंग तिथंच संपली. विषय पुढच्या वर्षीपासून ऐच्छिक होणार असं ऐकतोय.

मॅडमची तरी काय चूक? त्याच आठवड्यात एक कंपनी मुलाखती घ्यायला आली होती. सूरजनं रात्रंदिवस एक करून सेट्स, ग्राफ, सगळं घोकलं. मुलाखतीतून बाहेर आला तेव्हा चेहरा उतरलेला.

"काय विचारलं रे?"

"बाइक हाय का विचारला."

"मग आहे ना तुझ्याकडे?"

"बाइक हाय, सर. लायसन नाय!"

मला हसू यायला हवं होतं. पण घोकताना त्यानं मला विचारलेल्या शंका आठवल्या आणि वाईट वाटलं.

*

दिवाळीच्या सुट्टीनंतर सायली यायची बंद झाली. पेपर तोंडावर आला होता. पहिला बाक रिकामा. फैजान त्या बाकाशेजारी बसायचा, पण त्या बाकावर दप्तरसुद्धा ठेवायचा नाही.

अशाच एका तासाला इंडक्शन शिकवत होतो. एक पायरी खरी असेल, आणि कुठलीही पायरी खरी असली की पुढची खरी ठरते हे दाखवता आलं, तर सगळा जिना खरा. पत्त्यांची रांग उभी करून पहिला पाडायचा, बाकीचे आपोआप पडतात. मुलं पुढच्या पायरीचं झकास सिद्ध करतात आणि पहिली विसरतात.

फैजान म्हणाला, "सर, मी इंडक्शननं सिद्ध करतो की ही अख्खी बॅच पास होणार. इन्शाल्ला!"

"कर."

फळ्यापाशी गेला. बाही वर केली. "समजा, एक मुलगा पास होतोय. त्याच्या मागचा त्याच्या पेपरात बघतो. तो पण पास. त्याच्या मागचा त्याच्यात बघतो. तो पण पास. अशी आख्खी लाइन पास! बोला, सर, पायरी बरोबर आहे का?"

"पायरी बरोबर आहे," मी म्हटलं. "पहिला कोण?"

फैजाननं वर्गाकडे बघितलं. सूरजनं फैजानकडे बघितलं. आणि मग सगळ्यांनी मिळून रिकाम्या बाकाकडे बघितलं.

"सर," फैजान खडू खाली ठेवत म्हणाला, "थळला जाऊन येऊ या का?"

*

अलिबागहून थळला जायला मिनीडोर. सहा आसनी म्हणतात तिला. सहा हा आकडा गाडी कंपनीनं सुचवलेला आहे, आमच्याकडचे ड्रायव्हर तो मनावर घेत नाहीत. मी मधे कोंबलेला, एका मांडीवर कुणाची तरी सुक्या जवळ्याची पिशवी. सूरज आणि फैजान समोर, एकमेकांत अडकलेले.

मास्तराची खोड जात नाही. म्हटलं, "हे बघा, पेपरात हमखास येणारा प्रश्न. खण कमी आणि वस्तू जास्त असतील, तर एका तरी खणात दोन वस्तू जाणारच. यातून सुटका नाही. सीट सहा, माणसं जास्त, म्हणजे कुणीतरी कुणाच्या तरी मांडीवर!"

ड्रायव्हर आरशातून बघत होता. "मास्तर, आमच्यात न्हाय तसं."

"का बरं?"

"मागं लटकनारे कुटल्या खनात धरता?"

सूरजनं टाळी द्यायला हात वर केला, पण हात सुटला नाही. अख्खी मिनीडोर हसली.

हसू ओसरल्यावर ड्रायव्हरनं विचारलं, "कुनाकडं जायचाय?" सूरजनं सायलीच्या बाबांचं नाव सांगितलं.

ड्रायव्हरनं गाणं बंद केलं. जवळ्याच्या पिशवीवाल्या बाई पदर तोंडाला लावून बाहेर बघू लागल्या. थळच्या नाक्यावर सगळे उतरले, पण आम्हाला त्यानं उतरू दिलं नाही. कोळीवाड्याच्या अरुंद गल्लीत आरसे मिटून घेत त्यानं गाडी थेट घरापर्यंत नेली.

*

घरी फक्त काका होते. म्हणाले, मायलेकी किनाऱ्यावर गेल्यात, रोज जातात.

आम्ही किनाऱ्यावर गेलो. उन्हं उतरली होती. खत कारखान्याच्या चिमणीचा धूर तिरपा जमिनीकडे येत होता. खांदेरी किल्ल्याच्या बाजूनं होड्या परतत होत्या. सायलीची आई पाण्यात घोट्यापर्यंत उभी. लुगडं वर खोचलेलं, कपाळाला ठसठशीत कुंकू. सायली तिच्या मागं, कोरड्या वाळूत.

होडी लागली की आई पुढं व्हायची. "दिसला का रं?"

खलाशी जाळं खाली ठेवायचे, मगच बोलायचे. "न्हाय, वयनी."

दुसरी होडी. "दिसला का रं?"

"न्हाय, मावशी."

मला वाटलं होतं, ही माणसं एव्हाना कंटाळली असतील, तोंड चुकवत असतील. पण एकानंही मान नुसती हलवली नाही. प्रत्येकानं थांबून, तिच्याकडे बघून उत्तर दिलं.

फैजान माझ्या कानाशी लागला. त्याला वाटलं, हळू बोलतोय. "सर, हा लूप झाला ना? तेच ते, तेच ते. थांबायची अटच नाही. असा प्रोग्राम लिहिला तर मशीन हँग होतं."

सायलीनं मागं न बघता उत्तर दिलं.

"अट आहे, फैजान. बाबा दिसले की थांबणार."

सायलीच्या घरी परत येईपर्यंत फैजान गप्प होता. मी त्याला श्वास घेण्याखेरीज गप्प बसलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

*

सायली पेपरला बसली, एवढं सांगून टाकतो, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको. मिनीडोरवाल्यानं तिला सेंटरपर्यंत आणून सोडलं. फैजान बाहेर येऊन म्हणाला, "सर, ती पुढच्या बाकावर होती, पण मी बघितलं नाही. आईशप्पथ!" मी म्हटलं, "बघायला हवं होतंस." निकाल अजून लागायचाय. सूरज तोवर लायसन काढतोय. पुढच्या वर्षी बॅच असेल की नाही, माहीत नाही.

पण त्या थळच्या संध्याकाळचा एक किस्सा मी मुद्दाम मागं ठेवला होता.

किनाऱ्यावरून आम्ही घरी आलो. पडवीत बसलो. सायलीनं चहा केला. आई जरा पलीकडं, दिवसभर बांबूवर वाळत घातलेले बोंबील काढून टोपलीत रचत बसली. काका माझ्यासमोर बसले. पायांच्या भेगांवरून बोट फिरवत होते. हरवला तो त्यांचाही सख्खा भाऊ. तो माणूस आतून तुटला होता हे दिसत होतं.

"सर, तुमी शिकल्याली मानसं," ते म्हणाले, "आमच्या वयनीला जरा समजवा. तो गेला. मना काय बरा वाटतंय बोलाया? पन त्याला अग्नी नको? असाच भटकत ऱ्हानार का तो? ही एकदा 'व्हय' बोलली का आमी सगला करतो."

मी काय समजावणार? माझ्याकडे संच होते, ग्राफ होते, सगळे बंद लॅबमध्ये.

"मी सांगते," सायली म्हणाली.

ती आईजवळ जाऊन बसली. वर्गात फळ्यापाशी उभी राहायची तशीच ताठ.

"आई, सरांनी आमाला एक रीत शिकवलीय. एखादी गोष्ट खरी हाय का न्हाय, थेट सांगता येत न्हाय ना, तवा उलट्या बाजूनं जायचं. जे खरं वाटत न्हाय तेच आधी खरं धरायचं. मंग एकेक पायरी फुडं जायची. कुठंतरी ते अडतं. अडलं का समजायचं, आपण धरलेलंच चूक होतं. ऐकतंस ना?"

आईनं मान हलवली. हात बोंबलांवर चालूच होते.

"पयली ओळ," सायली म्हणाली. तिचा आवाज जरासा हलला, मग सरळ झाला. "आपण धरू, बाबा जिवंत हायेत."

आईचे हात थांबले.

"जिवंत हायेत, तर ते कुठल्यातरी किनाऱ्याला लागले असणार. किनाऱ्याला लागले, तर कुणालातरी दिसले असणार. दिसले, तर त्यांनी आपला नंबर सांगितला असता. त्यांना तो पाठ हाय. नंबर सांगितला, तर फोन आला असता."

सायली थांबली. सूरज खाली मान घालून बसला होता. काकांनी डोळे मिटून घेतले होते.

"फोन आला न्हाय, आई. इथं अडलं. म्हणजे पयल्या ओळीत आपण जे धरलं, ते..."

ते वाक्य तिनं पुरं केलं नाही. करायची गरजही नव्हती. पायऱ्या सगळ्या जागच्या जागी होत्या. पेपरात असती तर मी पैकीच्या पैकी मार्क दिले असते.

टोपलीजवळ एक मांजर आलं, त्याला कुणी हाकललं नाही. मग आईनं हात लुगड्याला पुसले आणि सायलीच्या गुडघ्यावर ठेवले.

"पयली ओळ परत बोल."

सायलीनं माझ्याकडे बघितलं.

"आपण धरू," ती म्हणाली, "बाबा जिवंत हायेत."

"हां," आई म्हणाली. "आता फुडचं नको बोलूस."